बालहृदयरुग्णांच्या जीवनाचे मोजमाप

हृदयविकार हा उतारवयातील आजार होय, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुस्थिती अशी की, जिवंत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी सुमारे आठ ते दहा बालकांच्या हृदयरचनेत जन्मतःच काही ना काही दोष असतो. भारतात दरवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्मास येतात आणि त्यांपैकी सुमारे एक पंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तत्सम उपचारांची गरज भासते, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. याखेरीज, घशाच्या जंतुसंसर्गानंतर उद्भवणाऱ्या संधिज्वरामुळे ज्यांच्या हृदयाच्या झडपा अधू होतात, अशी शाळकरी मुले वेगळीच.

या बालकांना वाचविण्याचे शास्त्र गेल्या ऐंशी वर्षांत अपूर्व वेगाने वाढले. वाचलेली बालके पुढे कशी जगतात, हे पद्धतशीरपणे जाणून घेण्याचे शास्त्र मात्र पुष्कळ उशिरा उदयास आले. प्रस्तुत व्याख्यानात या दुसऱ्या शास्त्राचा विचार करावयाचा आहे.

जगण्यापासून जीवनाकडे

जन्मजात हृदयदोषांवरील शस्त्रक्रियेचा इतिहास तसा फार जुना नाही. २९ नोव्हेंबर १९४४ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात निळसर पडणाऱ्या बालकांसाठीची पहिली शस्त्रक्रिया एका तान्ह्या मुलीवर झाली. कल्पना डॉ. हेलन टॉसिग यांची, हात डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांचे आणि प्रयोगशाळेतील दीर्घ पूर्वतयारी व्हिव्हियन टॉमस या वैद्यकीय पदवी नसलेल्या कृष्णवर्णीय तंत्रज्ञाची. १९५३ मध्ये डॉ. जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुस यांचे कार्य तात्पुरते करणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने हृदयाच्या पडद्यातील छिद्र यशस्वीपणे बंद केले. १९६८ मध्ये फ्रान्समधील फ्रान्सिस फाँताँ यांनी एकच कार्यक्षम जवनिका असलेल्या हृदयासाठी, तर १९७५ मध्ये ब्राझीलमधील आदिब जातेने यांनी उलटसुलट जोडल्या गेलेल्या महारोहिण्यांसाठी नव्या शस्त्रक्रिया केल्या. ज्या दोषांचे निदान होणे म्हणजे मृत्यूची वार्ता ऐकणे असे, ते दोष एकेक करून शल्यचिकित्सकांच्या आवाक्यात आले.

परिणामी संपन्न देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्या दर दहा बालकांपैकी नऊ बालके आज प्रौढ वयापर्यंत पोहोचतात. या यशातूनच एक नवा प्रश्न पुढे आला. जोवर निम्मी बालके दगावत होती, तोवर किती वाचली एवढे मोजले तरी पुरे होते. बहुतेक बालके वाचू लागल्यावर त्या मोजणीतून फारसा बोध होईना. दोन रुग्णालयांतील मृत्यूचे प्रमाण सारखे असले, तरी एका ठिकाणची मुले शाळेत जातात, खेळतात, मित्र जोडतात आणि दुसऱ्या ठिकाणची मुले घरात बसून असतात, असे असू शकते. हा फरक मृत्यूच्या आकड्यांत कोठेच उमटत नाही.

वैद्यांची मोजपट्टी आणि तिच्या मर्यादा

रुग्णाची स्थिती मोजण्याचे प्रयत्न पूर्वी झाले नाहीत, असे नाही. न्यूयॉर्क हार्ट असोसिएशनने १९२८ मध्ये हृदयरुग्णांची चार श्रेणींत विभागणी केली. नेहमीच्या श्रमाने ज्याला त्रास होत नाही तो पहिल्या श्रेणीत आणि विश्रांती घेत असतानाही ज्याला धाप लागते तो चौथ्या श्रेणीत. तान्ह्या बालकांना ही श्रेणी लावता येत नाही, कारण ती जिने चढत नाहीत. म्हणून १९८७ मध्ये रॉस यांनी अर्भकांसाठी निराळे निकष सुचविले : दूध पिताना बाळ दमते काय, कपाळाला घाम फुटतो काय, श्वासाचा वेग किती. स्तनपान करणाऱ्या मातेला जे रोज दिसते, त्याला या निकषांमुळे वैद्यकीय नोंदीत स्थान मिळाले.

या दोन्ही मोजपट्ट्या आजही उपयुक्त आहेत. तथापि त्या हृदयाच्या कार्यक्षमतेचे मापन करतात. वर्गातील मुले आपल्याला खेळात घेत नाहीत, छातीवरचा व्रण दिसू नये म्हणून सदऱ्याचे वरचे बटण कधीच उघडे ठेवता येत नाही, पुढच्या तपासणीच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, या गोष्टी त्यांत येत नाहीत. १९४८ मध्ये अंमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या घटनेने आरोग्याची व्याख्या करताना शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्याचा एकत्रित विचार केला होता. त्या व्याख्येतील शेवटचे दोन शब्द मोजावयाचे कसे, हाच खरा प्रश्न होता.

येथे एका शब्दाचा उलगडा करणे आवश्यक आहे. मराठीत ‘जीवनमान’ म्हटले की अन्न, वस्त्र, निवारा, उत्पन्न यांचा स्तर डोळ्यांपुढे येतो. येथे अभिप्रेत असलेली ‘जीवनाची गुणवत्ता’ ही त्याहून निराळी गोष्ट होय. आपले आयुष्य कसे चालले आहे, याविषयी त्या व्यक्तीला स्वतःला काय वाटते, याला तीत मध्यवर्ती स्थान असते. सुखवस्तू घरातील मूल दुःखी असू शकते आणि सामान्य परिस्थितीतील मूल समाधानी असू शकते. म्हणूनच गुणवत्तेच्या मोजमापात ज्याचे जीवन मोजावयाचे, त्याचीच साक्ष प्रथम घ्यावी लागते.

प्रश्नावलीची रचना

या कामासाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या साधनांपैकी एक म्हणजे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स वार्नी व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेली ‘पेड्सक्यूएल’ ही प्रश्नावली होय. तिच्या चौथ्या आवृत्तीचे मूल्यमापन २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत अवघे २३ प्रश्न आहेत : शारीरिक क्षमतेविषयी आठ, भावनांविषयी पाच, सवंगड्यांशी असलेल्या संबंधांविषयी पाच आणि शाळेविषयी पाच. गेल्या महिन्याभरात अमुक गोष्टीचा त्रास किती वेळा झाला, एवढेच विचारले जाते. ‘कधीच नाही’, ‘क्वचित’, ‘कधी कधी’, ‘पुष्कळदा’ आणि ‘जवळजवळ नेहमी’ अशी पाच उत्तरे असतात. पाच ते सात वर्षांच्या मुलांना पाच पर्याय झेपत नाहीत. म्हणून त्यांना हसऱ्या, मध्यम आणि रडव्या अशा तीन चेहऱ्यांपैकी एक दाखवावयास सांगतात.

उत्तरांचे रूपांतर शून्य ते शंभर या मापात होते. ‘कधीच नाही’ला १००, ‘क्वचित’ला ७५, ‘कधी कधी’ला ५०, ‘पुष्कळदा’ला २५ आणि ‘जवळजवळ नेहमी’ला शून्य. समजा, दहा वर्षांच्या एका मुलीने शाळेविषयीच्या पाच प्रश्नांपैकी दोहोंना ‘कधी कधी’, एकास ‘क्वचित’, एकास ‘पुष्कळदा’ आणि एकास ‘कधीच नाही’ असे उत्तर दिले. तर तिचे गुण ५०, ५०, ७५, २५ आणि १०० होतात. त्यांची बेरीज ३०० व सरासरी ६० येते. तिचे खेळण्या-धावण्याचे गुण ९० असतील, तर तिची अडचण धाप लागण्याची नसून अभ्यासाची आहे, हे तत्काळ लक्षात येते. एखाद्या विभागातील निम्म्याहून अधिक प्रश्न अनुत्तरित राहिल्यास त्या विभागाचे गुण काढावयाचे नसतात. सुमारे साडेचार गुणांपेक्षा कमी फरकाला विशेष महत्त्व देऊ नये, असेही संशोधकांनी ठरविले आहे. संपूर्ण प्रश्नावली भरण्यास साधारणतः पाच मिनिटे पुरतात.

ही प्रश्नावली सर्व मुलांसाठी असल्याने निरोगी मुले आणि हृदयरुग्ण मुले यांची तुलना तीमुळे शक्य होते. परंतु हृदयरुग्णांच्या काही अडचणी त्यांच्याच असतात. त्यांसाठी २७ प्रश्नांची स्वतंत्र पुरवणी तयार झाली. छातीत धडधडणे, धाप लागणे, औषधे वेळेवर घेण्याचा त्रास, स्वतःच्या शरीराविषयीचा संकोच, इंजेक्शन व तपासणी यांची भीती, लक्ष एकाग्र न होणे आणि आपल्याला काय होते हे डॉक्टरांना सांगण्यातील अडचण, असे विषय तीत येतात. अमेरिकेत डॉ. ब्रॅडली मरीनो व सहकाऱ्यांनी आठ ते अठरा वर्षांच्या हृदयरुग्ण मुलांसाठी आणखी एक प्रश्नावली रचून २००८ मध्ये प्रसिद्ध केली. रोगाचा परिणाम आणि मानसिक-सामाजिक परिणाम असे तिचे दोन भाग आहेत.

कोणतेही मापन साधन वापरण्यापूर्वी त्याची पारख करावी लागते. वजनकाट्यावर तेच पोते दोनदा ठेवले असता वजन तेच यावयास हवे. ही झाली विश्वसनीयता. त्याचप्रमाणे काट्याने वजनच मोजावयास हवे, पोत्याची उंची नव्हे; ही झाली यथार्थता. हे दोन्ही गुण अनेक मुलांवर तपासून पाहिल्याखेरीज कोणतीही प्रश्नावली विश्वासार्ह ठरत नाही. घाईघाईने चार प्रश्न लिहून काढणे आणि त्यांच्या उत्तरांची टक्केवारी काढणे, याला मोजमाप म्हणता येणार नाही.

उत्तर कोणाचे ग्राह्य मानावे?

मुलासाठी एक आणि पालकांसाठी एक, असे या प्रश्नावलीचे दोन नमुने असतात. दोन ते चार वर्षांच्या बालकांच्या बाबतीत केवळ पालकांचे उत्तर घेतले जाते, त्यापुढे दोघांचेही. ही दोन उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. अनेक अभ्यासांत पालकांनी मुलाचे जीवन मुलाच्या स्वतःच्या मतापेक्षा अधिक त्रासाचे असल्याचे नोंदविले आहे. यात नवल नाही. शस्त्रक्रियागृहाच्या दाराबाहेर घालविलेले तास मातापित्यांच्या मनातून जात नाहीत. मुलाला मात्र त्यांतील बहुतेक काही आठवत नाही. ज्या मुलाने जन्मापासून याच हृदयानिशी आयुष्य काढले, त्याच्या लेखी चार पावले चालून थांबणे हीच नेहमीची रीत असते.

याचा अर्थ पालकांचे उत्तर चुकीचे असा नव्हे. मूल काय सोसते हे मूल सांगते आणि घर काय सोसते हे पालक सांगतात. उपचार घेण्याचा निर्णय, शाळेत पाठविण्याचा निर्णय, खेळू देण्याचा निर्णय पालकांच्या दृष्टिकोनावर अवलंबून असतो. म्हणून दोन्ही उत्तरे घ्यावीत, परंतु वेगवेगळी बसवून घ्यावीत. वडीलधाऱ्यांसमोर ‘मला काही त्रास नाही’ असे म्हणणे हे चांगल्या मुलाचे लक्षण मानणाऱ्या समाजात ही दक्षता विशेष आवश्यक होय.

अभ्यासांतून आढळलेल्या गोष्टी

अमेरिकेत कॅरेन उझार्क व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हृदयरुग्ण मुलांपैकी दर पाचांत एका मुलाचे मानसिक-सामाजिक जीवन बाधित झाल्याचे मुलांच्याच उत्तरांतून दिसले. लक्षणीय बाब अशी की, विकार सौम्य असलेल्या किंवा शस्त्रक्रियेने दोष दुरुस्त झालेल्या मुलांचाही त्यांत समावेश होता. दोषाचे गांभीर्य आणि जीवनातील अडचण या दोन गोष्टी समांतर रेषेत जातातच असे नाही, हा या शास्त्राने दिलेला महत्त्वाचा धडा होय.

शाळेतील अडचणींनाही शारीरिक कारण असू शकते. अर्भकावस्थेत मोठी शस्त्रक्रिया झालेल्या, अथवा दीर्घकाळ रक्तात प्राणवायू कमी राहिलेल्या मुलांना पुढे एकाग्रता, भाषा, हस्तकौशल्य यांत अडचण येण्याचा धोका अधिक असतो. अशा मुलांच्या विकासाची ठरावीक काळाने तपासणी करावी, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ मध्ये केली. ज्या मुलाला शिक्षक ‘मठ्ठ’ किंवा ‘आळशी’ समजतात, त्याला वास्तविक साहाय्याची गरज असू शकते.

खेळण्याच्या बाबतीतही असेच घडते. ‘हृदयाचे ऑपरेशन झाले आहे, पळू नकोस’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. काही विशिष्ट विकारांत, उदाहरणार्थ हृदयाच्या ठोक्यांतील गंभीर अनियमितता किंवा झडपेचा तीव्र संकोच असल्यास, श्रमांवर बंधन घालावेच लागते. परंतु बहुसंख्य मुलांना हालचाल हितकारकच असते आणि तिला उत्तेजन द्यावे, असे २०१३ मध्ये त्याच संस्थेने प्रतिपादिले. डॉक्टरांनी कोणता खेळ चालेल व कोणता नाही, हे लेखी न दिल्यास शाळा सर्वच खेळ बंद करते. लगोरी, लंगडी आणि खो-खो यांतून वगळलेले मूल केवळ व्यायामाला मुकत नाही. ते मैत्रीलाही मुकते.

मराठी मुलांना मराठीतून

परदेशी प्रश्नावली येथे वापरावयाची, तर तिचे केवळ शब्दशः भाषांतर करून भागत नाही. मूळ प्रश्नावलीत, शहरातील एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंतचे अंतर चालण्यासंबंधी प्रश्न आहे. सह्याद्रीच्या कुशीतील वाडीत असा चौक नसतो. तेथे घरापासून पाणवठ्यापर्यंतची चढण असते. अंतर बदलले तरी श्रम तितकेच राहतील, अशा बेताने प्रश्न घडवावा लागतो. मुले ‘श्वसनास त्रास होतो’ असे म्हणत नाहीत. ‘दम लागतो’, ‘धाप लागते’, ‘छातीत धडधडते’ असे म्हणतात. गडचिरोलीतील गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलास प्रमाण मराठीही परकीच वाटेल.

यासाठी सर्वमान्य पद्धत अशी : दोन व्यक्तींनी स्वतंत्र भाषांतरे करावयाची, त्यांतून एक मसुदा ठरवावयाचा, मूळ न पाहिलेल्या तिसऱ्या व्यक्तीकडून त्याचे पुन्हा मूळ भाषेत रूपांतर करून घ्यावयाचे आणि शेवटी थोड्या मुलांपुढे बसून, प्रश्नाचा अर्थ त्यांना काय वाटला, हे त्यांच्याच शब्दांत ऐकावयाचे. तुलनेसाठी येथील निरोगी मुलांचे गुणही हवेत. केरळमधील संशोधकांनी तेथील शाळकरी मुलांची अशी पाहणी करून २०१७ मध्ये ती प्रसिद्ध केली आहे. पुण्यातील किंवा परभणीतील मुलांची तुलना फिलाडेल्फियातील मुलांशी करण्यापेक्षा असा आधार अधिक न्याय्य ठरतो.

मुलींच्या बाबतीत आणखी एक पदर आहे. नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील एका अभ्यासात, शस्त्रक्रियेचा सल्ला मिळूनही ती करून घेण्याचे प्रमाण मुलींत मुलांपेक्षा बरेच कमी असल्याचे २०११ मध्ये दिसून आले. छातीवरच्या व्रणामुळे पुढे लग्न जमणार नाही, ही धास्ती अनेक घरांत असते. शरीराविषयीच्या संकोचाचा प्रश्न म्हणूनच मुलींना एकांतात, विश्वासाने विचारला जावा.

मोजमापाचा उपयोग आणि दुरुपयोग

गुण काढून कागद कपाटात ठेवावयाचा असेल, तर मुलाची पाच मिनिटे घेण्याचा कोणालाही अधिकार नाही. शाळेचे गुण कमी आले, तर शिक्षकांशी बोलणे. भावनांचे कमी आले, तर समुपदेशकाकडे पाठविणे. उपचारांची भीती अधिक असेल, तर पुढील तपासणीची पूर्वकल्पना देणे, अशी प्रत्येक उत्तराची जोडकृती ठरलेली असावी. संधिज्वरानंतर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलीनचे वेदनादायक इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागणारे मूल ते चुकवू का पाहते, याचे उत्तरही अशाच विचारपुशीतून मिळते. ते वेळीच मिळाल्यास झडपांची पुढील हानी टळू शकते.

त्याबरोबरच दोन धोके ओळखावयास हवेत. गुण चांगले आले म्हणून हृदय ठीक आहे असे समजून तपासणी टाळू नये. प्रश्नावली ही इको तपासणीची जागा घेऊ शकत नाही. दुसरा धोका अधिक गंभीर आहे. ज्याच्या जीवनाची गुणवत्ता कमी, त्याच्यावर खर्च कशाला, असा विचार पैशांची चणचण असलेल्या कोणत्याही व्यवस्थेत डोके वर काढू शकतो. कमी गुण हे अधिक साहाय्याची मागणी करतात. उपचार नाकारण्यासाठी त्यांचा आधार कदापि घेता कामा नये.

महाराष्ट्रापुढील संधी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघर येथून झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणाऱ्या या कार्यक्रमात जन्मजात हृदयदोष व संधिज्वरजन्य हृदयविकार या दोहोंचा समावेश आहे. त्याची पथके वर्षातून दोनदा अंगणवाड्यांना आणि एकदा शाळांना भेट देतात, असे या कार्यक्रमाचे स्वरूप आहे. २०१२ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जन आरोग्य योजनेमुळे गरीब कुटुंबांनाही मोठ्या शस्त्रक्रियांचा मार्ग खुला झाला.

शोधणे आणि शस्त्रक्रिया करणे, हे दोन दुवे अशा रीतीने जोडले गेले आहेत. शस्त्रक्रियेनंतर मूल कसे जगते, हा तिसरा दुवा त्यांना जोडण्यास फार मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. पारखलेली मराठी प्रश्नावली, ती विचारण्याचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका आणि मुलाच्या तपासणी पुस्तिकेत त्या नोंदीसाठी एक पान, एवढ्यावर प्रारंभ होऊ शकेल. शस्त्रक्रियेपूर्वी एकदा, नंतर सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी घेतलेली नोंद अठराव्या वर्षी त्या तरुणाच्या हाती पडली, तर प्रौढांच्या रुग्णालयात जाताना आपली कहाणी त्याला पुन्हा आरंभापासून सांगावी लागणार नाही.

बालकाच्या हृदयातील छिद्र बुजले किंवा नाही, याचा निर्णय शल्यचिकित्सक देतात. ते बालक पुन्हा वर्गात रमले काय, सवंगड्यांनी त्याला खेळात घेतले काय, रात्री त्याला निर्धास्त झोप लागते काय, याचा निर्णय त्या बालकावाचून दुसऱ्या कोणास देता येणार नाही. त्यासाठी कोणीतरी त्याच्याजवळ बसून, त्याच्या भाषेत, त्याला विचारले पाहिजे; आणि त्याने दिलेले उत्तर लिहून ठेवून त्यानुसार काही केले पाहिजे.